खविसाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. शिवीचे मूळ शोधू नये, असे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही. सांगायला हवे होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ऋषीचे कूळ शोधले तर फार तर त्या ऋषीला अवघडल्यासारखे होईल. परंतु शिवीचे कूळ शोधीत गेले, तर ती ज्याला दिली त्याच्यापेक्षा ज्याने दिली त्याच्याबद्दलच अधिक माहिती हाती येते. आणि देणाऱ्यांत आपण सारेच असतो.

मी ज्या शब्दाविषयी लिहिणार आहे, तो खरे म्हणजे शिवी म्हणण्याइतका जहाल नाही. घरात, शाळेत, कचेरीत तो हसत हसत वापरला जातो. आजी तो आजोबांच्या माघारी वापरते, भाडेकरू घरमालकाच्या माघारी वापरतो, कारकून साहेबाच्या माघारी वापरतो. तो शब्द म्हणजे 'खवीस'. या शब्दाशी माझा परिचय अगदी लहानपणापासूनचा. परंतु तो मलाच येऊन चिकटला, तेव्हापासून मी त्याच्याकडे नीट पाहू लागलो.

झाले असे. मी राजारामपुरीत राहतो. पहिली, दुसरी, तिसरी अशी आमच्या गल्ल्यांची ओळख. जुन्या कोल्हापुरातल्या पेठांची नावे ऐकली की इतिहास आठवतो. आमच्या गल्ल्या मोजू लागले की पाढे आठवतात. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. एके दिवशी मधली सुट्टी संपल्यावर मी जिना चढत होतो. वर वर्गात नेहमीचा गोंधळ चालला होता. जिन्याच्या तोंडाशी राखणीला उभ्या केलेल्या पोराने माझ्या चपलांचा आवाज ओळखला असावा. तो आत पळाला आणि ओरडला, "खवीस आला रंऽ, खवीस!" दुसऱ्या क्षणी वर्ग असा चिडीचूप झाला, की मला वाटले, आपण चुकून परीक्षेच्या दालनात आलो.

मी काही बोललो नाही. त्या दिवशी भूमितीचे एक प्रमेय जास्त शिकवले, एवढेच. मधल्या तासाला शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वडील बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सर, मनाला लावून घेऊ नका. नाव पडले म्हणजे पोरांनी तुमची दखल घेतली. ज्याला नाव पडत नाही तो मास्तर कसला?" घरी आल्यावर बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, पण पोरांना कळले कसे? मी तर इतकी वर्षे मनातल्या मनातच म्हणत होते."

आता हा खवीस म्हणजे नेमका कोण? कठोर माणसांसाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. जो उगाच भडकतो तो जमदग्नी. ज्याला सरळ प्रश्न विचारला तरी वाकडे उत्तर येते तो तिरसट. जिच्या तोंडाला लागण्याची सोय नाही ती कजाग. सुनेचा श्वासही जिला मोठा वाटतो ती खाष्ट सासू. या सगळ्यांहून खवीस निराळा आहे. तो आरडाओरडा करीत नाही. तो रागावतो असेही नाही. तो फक्त विरघळत नाही. तुम्ही त्याच्यापुढे अडचण सांगा, गयावया करा, डोळ्यांत पाणी आणा. तो तुमच्याकडे पाहतो आणि पुन्हा आपल्या वहीत डोके घालतो. रागीट माणसाचा राग ओसरतो, कंजुषाला एखाद्या सणाला पान्हा फुटतो. खविसाला ऋतू नाहीत. आणि तरीही हा शब्द उच्चारताना आपल्या ओठांवर थोडे हसू असते. मनापासून द्वेष वाटतो त्या माणसाला आपण खवीस म्हणत नाही. ज्याची भीती वाटते, पण ज्याच्यावाचून चालतही नाही, त्याला म्हणतो.

माणसाला चिकटण्यापूर्वी हा शब्द भुताला चिकटलेला होता. माझ्या आजीकडे भुतांची जी यादी होती, तीत खवीस फार वरच्या क्रमांकावर होता. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे सांगावे लागणार नाही की आपल्याकडची भुते एकजिनसी नाहीत. त्यांना जात आहे, वय आहे, हुद्दा आहे. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. ब्राह्मणाचा समंध होतो आणि पुरलेल्या धनावर बसतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. या सर्वांवर वेताळाचे राज्य. माणसांनी जिवंतपणी जी उतरंड रचली, तीच मेल्यावरही मोडू दिली नाही. आणि या उतरंडीत खवीस कोण? तर मुसलमानाचे भूत; काही ठिकाणी सिद्द्याचे, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशाचे. थोडक्यात, परक्याचे भूत. ते मंत्राला दाद देत नाही, कारण त्याला आपला मंत्र कळत नाही. नारळ-कोंबड्यावर समजूत घालावी, तर त्याची आपली ओळख नाही. आजी म्हणायची, "मुंजाची समजूत काढता येते रे, लेकरूच ते. खविसाला काय सांगणार?" न विरघळणाऱ्या माणसाला हेच नाव का पडले, ते या एका वाक्यात आले.

भुतांच्या या माहितीचा आणि आम्हा शाळामास्तरांचा एक जुना संबंध आहे. ए. एम. टी. जॅक्सन नावाचे इंग्रज अधिकारी संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्न काढून ते गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडले, आणि मास्तरांनी आपापल्या गावची भुते, देव, नवस, उतारे इमानेइतबारे लिहून कळवले. हेच जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्या मागे राहिलेले कागद एन्थोव्हेन यांनी संकलित केले, आणि कोकणाविषयीचा भाग १९१५ साली छापला गेला. त्या मास्तरांना आपण जे लिहून पाठवीत आहो ते ज्ञान आहे की अज्ञान, याचा निवाडा करायचा नव्हता. गावात जे बोलले जाते ते त्यांनी लिहिले. मीही त्यांच्याच वाटेने जाणारा. शालान्त परीक्षेपलीकडे माझ्याजवळ पदवी नाही. पण ऐकलेला शब्द लिहून ठेवायला पदवी लागत नाही.

भुताच्याही मागे गेले, की आपण थेट अरबस्तानात पोचतो. अरबीत 'खबीथ' असा शब्द आहे. त्याचा अर्थ घाणेरडे, नासके, अपवित्र, दुष्ट. कुराणात चांगले आणि वाईट यांची जोडी सांगताना वाइटासाठी हाच शब्द येतो. अरबी वैद्यकात आजही कर्करोगाच्या गाठीला हेच विशेषण लावतात. म्हणजे आपण ज्या गाठीला 'दुर्धर' म्हणू, ती तिकडे 'खबीथ'. यातला शेवटचा वर्ण जीभ दातांत धरून काढायचा असतो. इराणी माणसाला तो जमला नाही. त्याने सरळ 'स' केला. आपल्याकडे अरबी शब्द बहुतेक फारसीच्या दारातून आले, म्हणून ते फारसी उच्चार घेऊनच आले. वारस आणि मिरास हे शब्द पाहा. मूळ अरबीत त्यांच्या शेवटी तोच दाताखालचा वर्ण आहे; आपल्याकडे येताना त्याचा 'स' झाला. तसाच 'खबीथ'चा 'खबीस' झाला. उर्दूत तो अजून 'खबीस'च आहे आणि चिडलेली आई पोराला तो बिनदिक्कत हासडते. मराठीत ब आणि व यांची अदलाबदल नवी नाही. नबाब आणि नवाब, जबाब आणि जवाब, कबाब आणि कवाब, ही रूपे आपण ऐकतोच. खबिसाचा खवीस झाला तो असा.

मराठीतल्या अशा फारसी शब्दांचा हिशेब ज्यांनी मांडला, त्या माधव ज्यूलियनांचे, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धनांचे नाव आम्हा कोल्हापूरकरांना जवळचे आहे. त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ साली निघाला आणि १९२८ पासून ते आमच्या राजाराम कॉलेजात शिकवीत होते. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे फारसीत घालवली, फारसी छंद मराठीत रुळवले, तोच माणूस पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला आणि परकीय शब्द टाळावेत म्हणून लिहू लागला. त्याच्याही आधी, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर, 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. हुद्द्यांची नावे हुकमाने बदलता येतात. माजघरातल्या शिव्यांपर्यंत हुकूम पोचत नाही. खवीस, बदमाश, हरामखोर, कजाग ही मंडळी कोणत्याही कोशकाराला न जुमानता आपापल्या जागी बसून राहिली. प्रेमाचा शब्द माणूस आपल्या भाषेत शोधतो. रागाचा शब्द शेजाऱ्याकडून उसना आणला तरी त्याला चालतो.

आता प्रश्न उरतो तो असा, की अरबीतले 'नासके, वाईट' हे साधे विशेषण आपल्याकडे भूत कसे झाले? आणि तेही मुसलमानाचे भूत? याचे उत्तर मला एका उर्दूच्या शिक्षकांनी दिले. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला आम्ही एकत्र आलो होतो. मी सहज त्यांना 'खबीस'चा अर्थ विचारला. ते जरा संकोचले. मग म्हणाले, "सर, तुमच्या उपयोगाचे सांगतो, पण हसू नका. आम्ही शौचाला जाताना, आत पाऊल टाकण्यापूर्वी एक दुवा म्हणतो. लहानपणीच शिकवतात. तीत या शब्दाची अनेकवचने येतात. तिथे अर्थ घेतात तो पुरुष सैतान आणि स्त्री सैतान असा. घाण जागी ते वावरतात, त्यांच्यापासून अल्लाने आम्हाला सांभाळावे, एवढेच त्या दुवेत मागणे असते."

मला हसू आले नाही; उलट डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या आजीनेही तिन्हीसांजेला परसाकडे जाताना रामनाम घ्यायला शिकवले होते. अंधार, आडोसा, घाण आणि एकटेपणा, यांची भीती सगळ्या जातिधर्मांची एकच. माझी समजूत अशी झाली आहे, की आमच्या शेजारच्या माणसाच्या तोंडून हे नाव आपल्या पूर्वजांनी ऐकले. ते त्याच्या भीतीचे नाव होते. 'खबिसापासून मला वाचव' असे तो म्हणत होता. पण ऐकणाऱ्याने एवढेच धरले, की मुसलमान ज्याचे नाव घेतो ते भूत मुसलमानाचेच असणार. ज्याच्यापासून तो बिचारा आसरा मागत होता, तेच आपण त्याच्या नावावर चढवले. पुढे तो मेल्यावर त्याचाच खवीस केला. शिपायांच्या फौजा, लूट, वेढे यांचा तो काळ. आमच्या डोळ्यांसमोर पन्हाळा दिसतो. १६६० साली सिद्दी जौहरने त्याला महिनोन् महिने वेढा घातला होता. अशा मुलखात परक्या शिपायाची भीती पिढ्यान् पिढ्या टिकली आणि तिने भुताचे रूप घेतले, यात नवल नाही. पण भीतीचे कारण समजणे वेगळे आणि तिने केलेला अन्याय न दिसणे वेगळे. याच कोल्हापुरात मोहरमात बाबूजमालच्या पंजापुढे हिंदूंनी हात जोडले आहेत आणि शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय लावली आहे. दिवसा आपण शेजारी असतो. भूत होतो तो रात्री, आणि तोही फक्त गोष्टीत.

एकदा हे सूत्र हाती आल्यावर बाकीचे शब्दही बोलू लागले. कजाग पाहा. तुर्की लोकांत 'कझाक' म्हणजे कोणाच्या हुकमाखाली नसलेला, मोकाट फिरणारा घोडेस्वार. फारसीत आला तेव्हा तो लुटारू झाला. मराठीत आला आणि घोडा, भाला, माळरान सारे मागे टाकून स्वयंपाकघरात शिरला. आपल्या मताने वागणाऱ्या आणि बोलण्यात हार न जाणाऱ्या बाईला चिकटला. खवीस पुरुषाला म्हणतात तेव्हा त्यात थोडा दरारा असतो, कजाग बाईला म्हणतात तेव्हा त्यात फक्त नावे ठेवणे असते. आणि गंमत अशी, की त्याच शब्दावरून रशियातल्या घोडेस्वारांना कोसॅक हे नाव मिळाले, आणि त्याच शब्दाचे नाव अभिमानाने मिरवणारा कझाकस्तान हा देश १९९१ साली स्वतंत्र झाला. आपल्या पुण्या-कोल्हापुरातली सून ज्या शब्दाने रडते, त्या शब्दाने तिकडे एक सबंध राष्ट्र आपली ओळख सांगते. शब्द तोच. फरक एवढाच, की तो तिथे स्वतः घेतलेला आहे आणि इथे दुसऱ्याने दिलेला आहे.

हल्लीची मुले खवीस कमी म्हणतात आणि 'खडूस' अधिक म्हणतात. या खडूसाचे मुंबईच्या मैदानावर काय झाले, ते क्रिकेटच्या नादी लागलेल्या वाचकांना ठाऊक आहेच. सहजासहजी बाद न होणारा, प्रतिपक्षाला काहीही फुकट न देणारा तो 'खडूस' मुंबईकर फलंदाज. मुंबईच्या खेळाडूंनी हे नाव इतके मनापासून उचलले, की ती निंदा न राहता परंपरा झाली. ज्याच्याजवळ बॅट आहे त्याला नाव उलटे फिरवता येते. माझेही तसेच झाले. पोरांनी दिलेला खवीस मी खिशात घातला. तास संपताना मीच म्हणू लागलो, "चला, गृहपाठ लिहून घ्या, खवीस उद्या तपासणार आहे." वर्ग खळखळून हसे. मलाही बरे वाटे. माझ्याजवळ खडू होता, खुर्ची होती, हजेरीपुस्तक होते. नाव ठेवून घ्यायला मला काही मोजावे लागले नव्हते.

ज्याच्याजवळ यांतले काहीच नसते, त्याच्या नावाचे काय होते, ते मला पुढच्याच वर्षी कळले.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, चुणचुणीत. गणेशोत्सवाच्या दिवसांत तो दोन तास गैरहजर राहिला आणि आल्यावर त्याने अशी काही सुरस कहाणी रचून सांगितली, की मला राग येण्याऐवजी कौतुकच वाटले. मी हसून म्हणालो, "अरे, तू तर पक्का भामटा आहेस!" वर्ग हसला. मी हसलो. तो हसला नाही. त्याने बाकाच्या कडेला घट्ट धरले आणि खाली पाहिले. मला ते दिसले. पण तास संपायला आला होता आणि फळ्यावर उदाहरण अर्धे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. डोक्याला पटका, अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा. ते दारातच उभे राहिले. मी बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"गुरुजी, पोरानं कुनाचं काय उचललं का?"

"छे हो. असे काही नाही."

"मग भामटा का म्हनला त्येला?"

मी म्हणालो, "अहो, तो नुसता शब्द आहे. लबाड म्हणतो आपण, तसा. मी गमतीने म्हणालो."

त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे टेबलावर उलगडला. जातीचा दाखला होता. त्यांनी अक्षरावर बोट ठेवले नाही. ठेवावे लागलेही नाही. ते म्हणाले, "सबूद असंल गुरुजी. पर सरकारी कागदावर त्योच सबूद आमची जात हाय. पोराला फीची सवलत घ्यायची तर ह्यो कागद दावायचा, आनि वर्गात त्योच सबूद ऐकायचा. तुमी न्हवं तर कोन सांगनार त्येला, ह्यात लाजायसारकं काय हाय आनि न्हाई ते?"

महाराष्ट्रात विमुक्त जातींची जी यादी आहे, तीत चौदा नावे आहेत. बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, बंजारा, पारधी यांच्याबरोबर भामटा आणि राजपूत भामटा हीही त्यात आहेत. विमुक्त, म्हणजे सुटलेले. कशातून सुटलेले? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. कोणी गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच त्याने शिल्लक ठेवला नाही. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार; त्याचे नाव पोलिसांच्या वहीत; त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची; गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापुरात अशा माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा कायदा रद्द झाला. कायदा वहीतून गेला. शब्द मात्र कोशात राहिला, वर्गात राहिला, आणि माझ्या जिभेवरही राहिला. या अनुभवाची धग ज्यांना पुस्तकात भेटायची आहे, त्यांनी लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने वाचावीत. गायकवाडांच्या पुस्तकाचे नावच एक शिवी आहे, आणि ती त्यांनी स्वतः उचलून मुखपृष्ठावर ठेवली आहे.

मला लाज वाटली ती दोन कारणांनी. एक, माझ्या अज्ञानाची. दुसरी, मी राहतो त्या गावाची. कोल्हापूर संस्थानातही काही जातींच्या माणसांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, आणि १९१८ साली शाहू महाराजांनी ती बंद केली. देशाचा कायदा रद्द होण्याआधी चौतीस वर्षे! फासेपारध्यांना लोक चोर म्हणत, तेव्हा महाराजांनी त्यांना सोनतळीच्या कँपावर जवळ केले आणि राखणीच्या कामाला लावले. ज्याला सगळे चोर म्हणतात, त्याच्याच हाती राखण देणे, ही शब्द दुरुस्त करण्याची एक रीत आहे. माझ्या मते ती कोशकाराच्या रीतीपेक्षा मोठी आहे. त्याच गावात, त्यानंतर इतक्या वर्षांनी, मी भर वर्गात एका मुलाची हजेरी वेगळ्या नावाने घेतली होती.

तेव्हा मला खवीस आणि भामटा यांतला फरक कळला. दोन्ही शब्द हसत म्हटले जातात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे: आपल्यातला नसलेल्या माणसाची भीती. परंतु एक शब्द खालच्या बाकावरून वर फेकलेला होता आणि दुसरा वरच्या खुर्चीवरून खाली. वर फेकलेला शब्द हलका होत जातो. तो झेलणाऱ्याला हसता येते. खाली टाकलेला शब्द जड होत जातो. गंमत शब्दात नसते; ज्याला उद्देशून तो म्हटला, त्याला हसण्याची मोकळीक आहे की नाही, त्यात असते. आणि ज्या माणसाला समोरच्याचे खाली गेलेले डोळे दिसूनही फळ्यावरचे अर्धे उदाहरण पुरे करावेसे वाटते, त्याला मराठीत एकच शब्द आहे. तो पोरांनी मला आधीच देऊन ठेवला होता.

मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "माजी नगं गुरुजी." मग मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मुलगा दारातच होता. मी त्याला म्हणालो, "चूक माझी झाली. उद्या वर्गात मी ते सगळ्यांपुढे सांगणार आहे; तू असलास तर बरे होईल, नसलास तरी सांगणार आहे." तो आला. मी वर्गाला आधी खविसाची गोष्ट सांगितली. अरबस्तानातून निघालेला शब्द फारसीच्या वाटेने आपल्या परसापर्यंत कसा आला, ती. पोरे रंगून ऐकत होती. मग भामट्याची सांगितली. वर्ग गप्प झाला. जिन्यावर माझ्या चपला वाजल्या की होतो तसा नव्हे, निराळ्या तऱ्हेने. शेवटच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग लबाड पोराला काय म्हणायचं?" मी म्हणालो, "लबाड म्हण. तो शब्द कुणाच्या दाखल्यावर नाही." वर्ग हसला, आणि या खेपेला तोही हसला.

ऋषीचे कूळ शोधू नये हे खरे असेल. पण ज्या शब्दांनी आपण दुसऱ्याला नाव ठेवतो, त्यांचे कूळ अधूनमधून शोधावे. दिवाळीला आपण घराचे कोपरे झाडतो, माळ्यावरची भांडी खाली काढतो, वर्षानुवर्षे न वापरलेले काही सापडले की ठेवायचे की टाकायचे ते ठरवतो. जिभेचीही तशी एकदा झाडलोट व्हावी. सगळेच टाकावे लागेल असे नाही. खवीस मी ठेवला आहे. जिन्यावर माझ्या चपला वाजल्या, की अजून कोणीतरी तो शब्द ओरडतो, आणि मी एक पायरी मुद्दाम हळू चढतो. पोरांना जागेवर बसायला तेवढा वेळ पुरतो.